पंप स्किडवर तयार आणायचे की पंपरूम जागेवर बांधायची?

कॅम्पससाठी ५०० टनांचा चिलर प्लँट (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रणा; टन हे तिच्या क्षमतेचं माप) ठरला की सगळी चर्चा चिलरच्या मेकवर होते. पंपांचा विषय निघतो तो खोली बांधून झाल्यावर. खरं तर पाणी ७ अंशांना पाठवून साडेबारा अंशांना परत घ्यायचं म्हटलं, तर टनामागे तासाला साधारण ५५० लिटर लागतात. ५०० टनांना दर तासाला पावणेतीन लाख लिटर! म्हणून खोलीची मापं पक्की व्हायच्या आधीच हा निर्णय घ्या.

पॅकेजमध्ये, म्हणजे कारखान्यातून तयार येणाऱ्या संचात, एकाच लोखंडी स्किडवर (सांगाड्यावर) पंप, मोटर, हेडर (सगळे पंप ज्याला जोडतात तो मुख्य पाइप), व्हॉल्व्ह, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं) पॅनल आणि सेन्सर वायरिंगसकट जोडून येतात. प्रेशर टेस्ट आणि ट्रायल कारखान्यात समोर उभं राहून बघता येते. जागेवर बांधायचं तर हीच कामं पाच-सहा जणांत वाटली जातात आणि एकाचं अडलं की बाकीचे थांबतात. पॅकेजचा आकडा मोठा दिसतो, पण त्याच्याशेजारी नुसत्या पंपांचं कोटेशन ठेवू नका. वेल्डिंग, सपोर्ट, पॅनल, केबल, अलाइनमेंट (पंप आणि मोटर एका रेषेत आणणं) आणि तेवढ्या दिवसांची मजुरी मिळवली की फरक बराच आटोक्यात येतो.

माझा कल पॅकेजकडे आहे, आणि त्याला एक रात्र कारणीभूत आहे. एका हॉस्पिटलच्या प्लँटवर, जागेवर बांधलेल्या पंपरूममध्ये, कमिशनिंगच्या (पहिल्यांदा चालवून तपासण्याच्या) वेळी पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येऊ लागला आणि अँपिअरचा काटा नाचू लागला. स्ट्रेनर (पंपाआधीची गाळणी) उघडला तर आत वेल्डिंग रॉडची थोटकं, गंजाचा चिखल आणि चिंध्यांचा बोळा. पंपाच्या शाफ्टपाशी पाणी गळू न देणारं सीलही गेलं होतं. पाइपवाला म्हणे पंप खराब, पंपवाला म्हणे अलाइनमेंट चुकली, पॅनलवाल्याने फोनच उचलला नाही. ऑपरेशन थिएटर सुरू करायची तारीख पुढे गेली. पॅकेज असतं तर निदान स्किडपुरतं उत्तर द्यायला एकच माणूस असता.

पण पॅकेज घेतलं म्हणून हा कचरा टळत नाही, हे नीट लक्षात घ्या. इमारतींपर्यंतची लाइन जागेवरच वेल्ड होते. त्यामुळे फ्लशिंग (लाइन पाण्याने धुऊन काढणं) स्किडला बायपास करूनच करा. ती घाण नव्या सीलमधून जाऊ देऊ नका.

दुसरी मेख डिफरन्शियल प्रेशर सेन्सरची, म्हणजे दोन ठिकाणच्या दाबातला फरक मोजून पंपाचा वेग ठरवायला लावणाऱ्या सेन्सरची. व्हीएफडीने वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ निम्म्यावर येते, आणि खरी बचत हीच. पण स्किडवरचा तयार सेन्सर पंपाच्या हेडरवरच बसवलेला असेल, तर रात्री अर्धे एएचयू (इमारतीत थंड हवा सोडणारी युनिट्स) बंद असतानाही पंप तिथलं प्रेशर धरून ठेवायला गरजेपेक्षा जोरात पळतो. सेन्सर सर्वांत लांबच्या इमारतीतल्या एएचयूच्या सप्लाय आणि रिटर्नमध्ये हवा. ती केबल पॅकेजमध्ये धरलेली नसते, म्हणून आधीच निविदेत घाला. कंट्रोलर बीएमएसशी (इमारतीच्या यंत्रणा सांभाळणाऱ्या संगणकाशी) मॉडबस किंवा बॅकनेट या ठरलेल्या भाषांत बोलतो का, हेही लेखी घ्या; नाहीतर किरकोळ सेटिंगलासुद्धा कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागते.

जागेवर बांधण्याची बाजू कुठे भक्कम? जुन्या बेसमेंटमध्ये, जिथे अख्खं स्किड उतरतच नाही. किंवा कॅम्पस टप्प्याटप्प्याने वाढणार असेल तिथे: मोठं हेडर टाकून पुढच्या पंपासाठी ब्लँक फ्लँज (झाकण लावलेलं जोडणीचं तोंड) ठेवता येतो. सक्शनला (पंपात पाणी शिरतं त्या बाजूला) पाइपच्या व्यासाच्या पाच ते दहा पट सरळ लांबीही देता येते, तर स्किडवर बहुधा सक्शन डिफ्यूझरवर (पंपाच्या तोंडाशी प्रवाह सरळ करणाऱ्या भागावर) भागवावं लागतं. कूलिंग टॉवरकडचे कंडेन्सर पंप (चिलरची उष्णता घेतलेलं पाणी टॉवरकडे फिरवणारे) मी आजही जागेवरच बसवून घेईन. पाइप मोठे, प्रवाह बहुतेक ठिकाणी एकसारखा आणि कंट्रोल मोजके.

हॉस्टेल-हॉस्पिटलच्या गरम पाण्याच्या लाइनला मात्र सरळ पॅकेज घ्या. पंप लहान असतात. फक्त सीलचं रबर तुमच्या तापमानाला चालतं का हे विचारा, आणि हीटिंगचं बंद सर्किट असेल तर एक्सपान्शन टँकची (तापून फुगलेलं पाणी सामावणाऱ्या टाकीची) जोडणी पंपाच्या सक्शनकडे आहे का, ते ड्रॉइंगवर बोट ठेवून बघा.

चिलरच्या पाण्याचे पंप नव्या, मोकळ्या प्लँटरूममध्ये बसणार असतील तर पॅकेजच. मात्र ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन रॅम्पपासून स्किड बसणार त्या फाउंडेशनपर्यंत स्वतः चालत जा. दारं आणि वळणं मोजा, आणि एक मोटर उचलून बाहेर काढायला वर हुक व बाजूला जागा उरते का ते पाहा.