रिचमंडमार्गे टपाल : काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्या आणि अजून कागदी टपाल लागणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. आमचं गाव व्हर्जिनियात, रिचमंडपासून 50 मैलांच्या पलीकडे. हे 50 मैल लक्षात ठेवा.

2001 मध्ये देशभरात फर्स्ट क्लास टपाल (म्हणजे मुख्यतः पत्रं, बिलं, कार्डं) 10,300 कोटी नगांच्या घरात होतं, आता ते निम्म्याच्याही खाली गेलंय. त्यामुळे 2012 पासून सॉर्टिंग केंद्रं बंद करणं, एकमेकांत विलीन करणं सुरू झालं. 2021 च्या दहा वर्षांच्या योजनेत मोठी प्रादेशिक केंद्रं आली. त्यातलं पहिलं जुलै 2023 मध्ये रिचमंडजवळ सँडस्टनला उघडलं. इतकी यंत्रं अर्धी रिकामी चालवण्यात अर्थ नाही, हे मलाही पटतं. पण भुर्दंड लांबच्या गावांवरच पडलाय.

आता शेजारच्या गल्लीत पाठवलेलं पत्रसुद्धा आधी रिचमंडची वारी करून येतं. शिवाय केंद्रापासून 50 मैलांपलीकडच्या पोस्टांतून संध्याकाळी टपाल उचलणं बंद झालंय. सकाळी टपाल घेऊन येणारा ट्रकच आदल्या दिवशीचं टपाल परत नेतो, म्हणजे पाकीट रात्रभर पोस्टातच. एप्रिल 2025 पासून अशा भागांसाठी ठरलेल्या मुदतीतच एक दिवस वाढवलाय. त्यामुळे कागदोपत्री ते वेळेवरच पोचतं!

वाढदिवसाच्या कार्डाला एका दिवसाने काही बिघडत नाही. पार्सलबद्दलही माझी तक्रार नाही. 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी' जरूर सुरू करा. येणाऱ्या पाकिटांचे, सॉर्टिंगच्या यंत्राने काढलेले फोटो रोज सकाळी फुकट दिसतात.

खरी गोम शिक्क्यात आहे. पेटीत टाकलेल्या पत्रावर तारखेचा शिक्का गावात नाही, केंद्रातल्या यंत्रावर उमटतो. म्हणजे आज टाकलेल्या पाकिटावर उद्याची किंवा परवाची तारीख येऊ शकते. 24 डिसेंबर 2025 पासून टपाल खात्याने हे आपल्या नियमावलीतच लिहून टाकलंय. इकडे कर खातं 15 एप्रिलचा शिक्का असला की विवरणपत्र वेळेत आलं असं धरतं. त्यामुळे शेवटच्या दिवशी संध्याकाळी पेटीत पाकीट टाकून निश्चिंत होण्याचे दिवस गेले. मी असली पाकिटं थेट पोस्टाच्या खिडकीवर देतो आणि समोर हाताने शिक्का मारून घेतो. त्याचे पैसे लागत नाहीत, पण आपणहून मागावं लागतं. रक्कम मोठी असेल तर सर्टिफाइड मेलने (पाठवल्याचा पुरावा मिळणारं टपाल) पाठवून शिक्क्याची पावती जपून ठेवतो.

अटलांटाकडच्यांच्या मानाने आमचं बरंच म्हणायचं. तिथे फेब्रुवारी 2024 मध्ये पामेटोचं केंद्र सुरू झालं आणि वेळेवर पोचणाऱ्या टपालाचं प्रमाण 36 टक्क्यांवर घसरल्याचा आकडा सिनेटच्या सुनावणीत गाजला. मे महिन्यात, सॉर्टिंगचं काम मोठ्या केंद्रांत हलवण्याचे उरलेले बदल जानेवारी 2025 पर्यंत थांबवावे लागले. पुढे टपाल नियामक आयोगानेही मत दिलं, की या बदलांतून बचत किरकोळ आणि ग्रामीण भागाचं नुकसान मोठं.

सेवेला पाचपैकी तीन गुण देईन, तेही खिडकी वापरता येत असेल तर. लहान गावातली खिडकी नोकरदार घरी येईपर्यंत बंद झालेली असते. मेलऑर्डरची औषधं घेणाऱ्या आईवडिलांची ऑर्डर मात्र गोळ्या संपायची वाट न बघता आठवडाभर आधीच टाका.