पुरलेली तेलाची टाकी काढायला गेलो आणि २३,६३७ डॉलर ५० सेंट घालवून बसलो

न्यू जर्सीत ज्यांच्या घराला अजून ऑइल हीटिंग (तेल जाळून घर गरम ठेवायची सोय) आहे आणि टाकी अंगणात पुरलेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गॅसवाल्यांनी खुशाल पुढे जावं.

आमचं घर मॉरिस काउंटीत, १९५८ सालचं. आमच्या रस्त्याला गॅसची लाइनच नाही, त्यामुळे हिवाळाभर तेल जाळायचं. मागच्या अंगणात ५५० गॅलनची लोखंडी टाकी जमिनीखाली. घर घेताना तिची टेस्ट झाली होती, पास. गेल्या उन्हाळ्यात विमा कंपनीचं पत्र आलं की पुरलेली टाकी काढा, नाहीतर पॉलिसी रिन्यू होणार नाही. इथवर सगळ्यांचं सारखंच असतं.

आता आधीच सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो: मी स्वस्ताच्या मागे लागलो नव्हतो. तीन कोटेशन घेतली, त्यातलं मधलं निवडलं. कंपनी राज्याकडे नोंदलेली होती, टाक्या काढायचं सर्टिफिकेट होतं, विम्याचा कागद होता. नाव आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळालं होतं. (ज्याने नाव सुचवलं त्याने त्यांच्याकडून फक्त कोटेशन घेतलं होतं, काम दुसऱ्याकडून करून घेतलं, हे नंतर कळलं. ‘चांगले वाटले बोलायला’ म्हणे. अरे, बोलायला चांगलेच असतात ते.)

ठरले ६,४०० डॉलर. जुनी टाकी काढणं, खड्डा बुजवणं, तळघरात नवी २७५ गॅलनची टाकी बसवणं, पर्मिट, सगळं धरून. अ‍ॅडव्हान्स २,०००.

नीट काम करणारा माणूस आधी नवी टाकी बसवतो, जुन्यातलं चांगलं तेल तिच्यात घेतो, मग खोदतो. हे मला आज माहीत आहे. यांनी आल्या आल्या एक्स्कॅव्हेटर उतरवला. जुन्या टाकीत तेव्हा ३१० गॅलन तेल होतं, ते उपसायच्या आधीच खोदकाम सुरू. मी विचारलं, तर उत्तर, ‘सर, वी डू धिस एव्हरी डे.’ रोज करतात म्हटल्यावर मी काय बोलणार? मी आयटीतला माणूस.

आणि मग तो आवाज. ठण्ण. किचनमध्ये भांडी हलली. मशीन थांबलं, दोघं जण खड्ड्यात वाकले, एकाने फोन लावला. थोड्या वेळाने मला बाहेर बोलावलं, चेहरा अगदी मयताला आल्यासारखा. ‘बॅड न्यूज. युअर टँक इज लीकिंग.’

मी वाकून पाहिलं. भोक होतं, तीन बोटं जाईल एवढं, त्रिकोणी. तेल गळत होतं, वास नाकात बसला. पण त्या भोकाच्या कडा आतल्या बाजूला वळलेल्या होत्या, आणि चकचकीत होत्या. साठ-पासष्ट वर्षं मातीत काढलेली टाकी, बाहेरून काळीकुट्ट, गंजाचे पापुद्रे सुटलेले, आणि भोकाची कड मात्र आजच कापल्यासारखी पांढरी! मी ते पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, फोटोही काढला. डोळ्यांना दिसलं आणि डोक्यात शिरलं नाही, कारण त्याच क्षणी तो माणूस ‘ग्राउंडवॉटर’, ‘स्टेट’, ‘केस नंबर’ असे शब्द माझ्या अंगावर टाकत होता. तोच फोटो नंतर पुण्यातल्या एका मित्राला पाठवला. आयुष्य प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्या, बनवण्यात गेलंय त्याचं. त्याचा मिनिटात फोन: ‘अरे, हे गंजाचं भोक आहे का? गंजलेला पत्रा कडेला कागदासारखा पातळ होतो, आजूबाजूला खड्डे पडतात. ह्याला बाहेरून ठोकलंय.’ एक्स्कॅव्हेटरचा दात. मुद्दाम मारला की चुकून लागला हे मला सिद्ध करता येणार नाही. मला मुद्दामच वाटतं. चुकून म्हटलं तरी खर्च माझ्या बोकांडी का?

खोदण्यापूर्वी टाकीच्या चारही बाजूंची माती तपासून घ्या, आणि काढणाऱ्या कंपनीकडून नाही, तिऱ्हाईताकडून. बारीक भोकं पाडून मातीचे नमुने घेतात. माझ्याकडे तो एक रिपोर्ट असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

पुढचा डाव सगळ्यांना ओळखीचा असेल. गळती दिसली की राज्याला ताबडतोब कळवावं लागतं, हे खरं आहे. त्यांनी फोन केला, केस नंबर पडला. ‘आता हे काम आम्हालाच पूर्ण करावं लागेल’ हे मात्र धडधडीत खोटं. केस नंबर घराच्या मालकाचा असतो, कॉन्ट्रॅक्टर कधीही बदलता येतो. पण मला हे कोण सांगणार? नोव्हेंबर महिना, रात्री पारा शून्याखाली, जुनी टाकी निकामी, नवी अजून ट्रकवर. भारतातून आलेले सासू-सासरे घरात, दोघांनाही सत्तरी उलटलेली. तो म्हणतो, माती साफ केल्याशिवाय नवी टाकी जोडणार नाही. ट्रकच्या बॉनेटवर वाढीव कामाचा कागद ठेवून त्याने सही घेतली. ही दारातूनच म्हणाली, ‘अहो, आधी नीट वाचा तरी.’ मी हातानेच गप्प केलं तिला. तुम्ही काय केलं असतं?

त्या कागदाची प्रत मला दिली नाही. न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरच्या घरदुरुस्तीच्या कामाला पूर्ण किंमत लिहिलेला लेखी करार लागतो, आणि प्रत हातात पडल्यापासून कामकाजाच्या (सुट्ट्या सोडून) तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तो रद्द करता येतो. प्रत देत नाहीत ती उगाच नाही.

वाढीव बिल असं: दूषित माती ३८ टन, टनाला १९५ प्रमाणे ७,४१०. जादा खोदकाम ४,२००. नवी माती १,९४०. नमुने आणि रिपोर्ट ३,३००. एकूण १६,८५०. शिवाय ‘वेस्ट ऑइल’ची विल्हेवाट, ३१० गॅलन, सव्वा डॉलरने ३८७ डॉलर ५० सेंट. हे वेस्ट ऑइल म्हणजे माझंच तेल. गॅलनला ३.८९ डॉलर मोजलेलं, म्हणजे १,२०५ डॉलर ९० सेंटचा माल. तो उपसून नेला आणि नेण्याचे पैसेही माझ्याकडूनच घेतले. विकला असणार, दुसरं काय.

सगळ्यात जास्त झोंबलं ते मातीचं. मी सांगली जिल्ह्यातला, उसाच्या घरातला. साखर कारखान्यांच्या काट्यावरची काटामारी बघत लहानाचा मोठा झालो, आणि अमेरिकेत येऊन मातीच्या काटामारीत सापडलो! ट्रक एकच भरून गेला हे हिने खिडकीतून पाहिलं होतं. म्हणून हट्टाने वजनाच्या पावत्या मागितल्या. आधी ‘ऑफिसमध्ये आहेत’, मग ‘पाठवतो’, शेवटी आली ती एकच पावती, १४.२ टनांची. म्हणजे २,७६९ डॉलरची माती ७,४१० ला. वजनाच्या पावत्या हातात पडल्याशिवाय टनाचा एक सेंट देऊ नका.

आता सरकारी लोकांचं ऐका. गावचा इन्स्पेक्टर आला, गाडीतून उतरला, टाकीकडे बघून ‘होल ऑब्झर्व्ह्ड’ लिहिलं. मी कडा दाखवल्या. म्हणाला, भोक आहे एवढं मी लिहितो, कुणी पाडलं ते माझं काम नाही. मग कुणाचं? राज्याच्या पर्यावरण खात्यात फोन केला तर, तुमची केस उघडी आहे, ती बंद करणं तुमची जबाबदारी, कंत्राटाचे वाद आम्ही बघत नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीने फॉर्म भरून घेतला आणि पोच पाठवली. पोचेखेरीज आजतागायत काही नाही. पोलीस म्हणाले, सिव्हिल मॅटर. ज्या विमा कंपनीच्या पत्रापायी हे सगळं झालं, तिच्या एजंटने पॉलिसीतलं प्रदूषणाचं कलम वाचून दाखवलं: कव्हर नाही. टाकी काढा म्हणायला तुम्ही, आणि काढताना फुटली तर तुम्ही कोण? प्रत्येक जण इतका नम्रपणे बोलतो की ओरडायचीही सोय नाही. ‘आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन, सर.’ फ्रस्ट्रेशन? माझे २३,६३७ डॉलर ५० सेंट गेलेत. वीस लाख रुपयांच्या घरात जातात ते.

टाकी भंगारात जाऊ देऊ नका, किमान भोकाचा पत्रा कापून ठेवून घ्या. माझी गेली, आणि वकिलाचा पहिला प्रश्न तोच होता, टाकी कुठे आहे? अर्ध्या तासाचे ३५० डॉलर घेऊन त्याने सांगितलं की ग्राहक फसवणुकीच्या कायद्यात तिप्पट भरपाई मिळू शकते, पण त्यासाठी वरच्या कोर्टात जावं लागेल आणि त्याची सुरुवातीची फी ७,५००. छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा ५,०००, त्याच्या वरच्या स्पेशल सिव्हिल पार्टची २०,०००. माझी मागणी १८,४४३ डॉलर ४० सेंट, म्हणजे वाढीव बिल, तेलाची विल्हेवाट आणि तेलाची किंमत. तिप्पट नको, माझे मला परत द्या.

जाता जाता एक वेगळंच. टाकी काढल्यावर जुन्या टाकीत तेल भरायचा पाइप तसाच राहिला असेल तर तो आजच काढायला लावा. डिलिव्हरीवाल्याला टाकी गेलेली माहीत नसते, तो पाइप दिसला की नळी लावतो, आणि तेल टाकीऐवजी भलतीकडेच जातं. आमच्याकडे तोही सोडून गेले होते, मी दुसरा माणूस बोलावून १८० डॉलर देऊन काढला.

कंपनीला नोटीस पाठवली. उत्तर आलं: ‘गुडविल’ म्हणून ५०० डॉलर घ्या, आणि यापुढे आमच्याबद्दल कुठेही काही लिहिणार नाही अशी सही करा. सही केलेली नाही.