हीट पंप आणि स्मार्ट थर्मोस्टॅट: सी वायर आणायची कुठून?

हीट पंपाचा, म्हणजे घर थंड आणि गरम दोन्ही करणाऱ्या यंत्राचा, जुना थर्मोस्टॅट भिंतीवरून काढला की मागे पाचच वायरी निघतात: आर (२४ व्होल्टची वीज आणणारी), वाय (कंप्रेसरची), जी (पंख्याची), ओ (थंड-गरम पालटणाऱ्या व्हॉल्व्हची) आणि डब्ल्यू २ (जोडीच्या विजेच्या हीटरची, म्हणजे हीटर स्ट्रिपची). सी, म्हणजे कॉमन, करंटची परतीची वायर, नाही. जुन्याचं बॅटरीवर भागत होतं, वायफायवाल्या स्मार्ट थर्मोस्टॅटला मात्र सतत २४ व्होल्टची एसी वीज लागते. निर्णयाआधी दोन गोष्टी तपासा. भिंतीतल्या भोकात एखादी न वापरलेली वायर गुंडाळून ठेवलेली असू शकते. ती सापडली तर इकडे थर्मोस्टॅटच्या सीला आणि दुसऱ्या टोकाला एअर हँडलरच्या (पंखा असलेल्या आतल्या युनिटच्या) बोर्डावर सीला जोडा, काम झालं. आणि बी लिहिलेली वायर दिसली तर ती सरळ थर्मोस्टॅटच्या ओ/बी टर्मिनलमध्ये खोचू नका. ट्रेन (Trane) कंपनीच्या बऱ्याच हीट पंपांवर बी म्हणजेच कॉमन, म्हणजे तुम्ही शोधताय तीच वायर. रंगावर विसंबू नका, बोर्डावर ती कुठे जाते ते बघा.

काही थर्मोस्टॅट ‘सी नसली तरी चालेल’ म्हणतात. ते वायच्या सर्किटमधून थोडाथोडा करंट घेऊन आतली बॅटरी भरतात. पण कडाक्याच्या थंडीत हीट पंप तासन् तास थांबत नाही, आणि वाय चालू असेपर्यंत बॅटरीला नीट चार्जिंग मिळत नाही. म्हणून हा मार्ग मी धरलेलाच नाही.

उरतात तीन. पहिला, जीची वायर सीसाठी वापरायची. एअर हँडलरवर जीची वायर काढून सीवर लावायची आणि तिथेच वाय ते जी असा छोटा जंपर (जोडवायर) टाकायचा, म्हणजे कंप्रेसरबरोबर पंखाही सुरू होतो. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. साध्या एसीला हे बरं चालतं, नुसता पंखा लावायची सोय तेवढी जाते. हीट पंपाचं मात्र तसं नाही. इमर्जन्सी हीटवर (फक्त विजेच्या हीटरवर) किंवा बाहेरचं तापमान फार उतरून कंप्रेसर लॉक झाल्यावर, म्हणजे मुद्दाम बंद ठेवला गेल्यावर, फक्त डब्ल्यू २ चालू असतो, वाय बंद. वाय बंद म्हणजे जंपरमधून पंख्याला सिग्नल नाही. हीटर स्ट्रिप तापते, हवा हलत नाही, फार तापलं की हीटर तोडणारा लिमिट स्विच उडतो, स्ट्रिप थंड झाली की परत जोडला जातो, परत उडतो. घर गार ते गारच. काही एअर हँडलरमध्ये डब्ल्यू आला की पंखा आपोआप लागतो, तिथे हा त्रास नाही. पण सगळ्यांत ती सोय नसते, आणि ती आहे की नाही हे नेमकं सर्वांत थंड रात्री कळावं, हे मला पटत नाही. माझ्यापुरता हा पर्याय इथेच संपला.

दुसरा, प्लगमध्ये लावायचा वेगळा २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. त्याची एक वायर सीला, दुसरी आरला. आरचं टर्मिनल एकच असेल तर घरची आर आणि ही वायर त्यातच एकत्र. मात्र सीला घरची कॉमन जोडायची नाही. पाचही वायरी आपापल्या जागी राहतात, पंखाही ताब्यात राहतो. भिंतीवरून लोंबणारी वायर आणि अडलेला सॉकेट सोसता येतो. खटकतं ते वेगळंच. पाणी साचलं की बंद करणारा फ्लोट स्विच बऱ्याच ठिकाणी आरमध्ये घातलेला असतो. तो सुटला तर सी वायरवरचा थर्मोस्टॅट विझतो आणि बिघाड लगेच कळतो. प्लगवरचा मात्र ‘कूलिंग चालू’ दाखवत राहतो. शिवाय हीट पंपाचा ब्रेकर पाडला तरी थर्मोस्टॅटपाशी वीज असतेच.

तिसरा, नवी केबल: १८ गेज, आठ वायरींची, भरीव तांब्याची. आठच घ्या, पुढे वाय २ (कंप्रेसरचा दुसरा टप्पा) किंवा ई (इमर्जन्सी हीट) लागली तर परत ओढाओढ नको. माझा कल इकडेच आहे. मेहनत आहे, पण एकदाच. आतल्या आणि बाहेरच्या युनिटचे ब्रेकर पाडा, दोन्ही टोकांचे फोटो काढा, मग जुनी केबल हलकेच ओढून बघा. सरकली तर तिच्या दोन-तीन वायरी नव्या वायरींत अडकवून वळवा, जोडावर टेप निमुळती गुंडाळा, म्हणजे भोकात अडत नाही. एकाने वरून सोडायची, दुसऱ्याने खालून ओढायची. सरकत नसेल तर आत खिळ्यांनी ठोकलेली आहे. जोर लावू नका, तुटली तर जुना थर्मोस्टॅटही लावता येणार नाही. अशा घरात प्लगचा ट्रान्सफॉर्मरच बरा.

केबल जोडून ब्रेकर परत चालू केल्यावर मल्टिमीटरने आर आणि सीमध्ये बघा, २४ ते २८ व्होल्ट हवेत. शून्य आलं तर बोर्डावरचा मोटारीतल्यासारखा चपटा फ्यूज बघा, जांभळा ३ अँपिअरचा, फिकट तपकिरी ५ चा. आर-सी क्षणभर चिकटल्या तरी तो जातो, म्हणून एक-दोन जास्तीचे जवळ ठेवा. शेवटी कूलिंगवर लावून दहा मिनिटं थांबा. गरम हवा आली तर वायरी उचकू नका, ओ/बीची सेटिंग उलटी आहे. बहुतेक हीट पंपांत ओ कूलिंगला चालू असतो, रीम आणि रूड या कंपन्यांच्या पंपांत बी हीटिंगला.