मीटरचं टोक कुठे टेकतंय ते बघा

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात पावसाळ्यात गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी आणि इथेच राहणाऱ्यांसाठीही हे लिहितेय. गाडी सुरू होत नाही म्हणून बोलावलेल्या गॅरेजवाल्याने आमच्याकडून साडेअकरा हजार रुपये काढले. त्याने खोटा आकडा एकदाही दाखवला नाही, म्हणूनच सविस्तर सांगावंसं वाटलं.

आमचं घर देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, त्यामुळे लोखंडाला दोन्हीकडून खारा वारा. जून ते ऑगस्ट पाण्यातले खेळ बंद असतात, पाहुणे नसतात, आणि गाडी बरेच दिवस मांगराच्या पडवीत उभी राहते. गणपतीनंतर मामंजींना कुडाळला कोकणकन्येवर सोडायचं होतं. चावी फिरवली तर डॅशबोर्डचे दिवे स्वच्छ लागले. सेल्फ मारला की ‘टक्’ असा एकच आवाज आणि दिवे गुल. चावी सोडली की थोड्या वेळाने दिवे परत हजर.

हे लक्षण नीट बघा. बॅटरी खरोखर उतरलेली असेल तर बहुतेक वेळा सेल्फ रडत रडत फिरतो किंवा टकटकटक असा भरभर आवाज येतो, आणि दिवे आधीपासूनच मंद असतात. दिवे ठणठणीत आणि सेल्फ मारताच सगळं एकदम काळं होत असेल, तर आधी संशय जोडणीवर घ्यायचा. डॅशबोर्डच्या दिव्यांना एक-दोन अँपिअर पुरतात, ते गंजलेल्या जोडातूनही जातात. सेल्फला लागतात शंभर-दीडशेच्या वर. तिथे जोड हात टेकतो.

ओळखीतून नंबर मिळालेला गॅरेजवाला बाइकवर आला. बोलायला गोड, हातात डिजिटल मीटर. बोनेट उघडलं, मीटरची टोकं लावली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. “बगा वयनी, आकडो पाचार इलो. बॅटरी मेली तुमची.” मग स्वतःच्या बॅटरीवरून जंपर लावून गाडी सुरू केली आणि पुन्हा मीटर दाखवला. बारा पॉइंट चार व्होल्ट. “चौदा व्हये. डायनामोय चार्ज करीत नाय.”

दोन्ही आकडे खरे होते. पहिल्या वेळी टोक होतं तारेच्या क्लॅम्पवर, दुसऱ्या वेळी तो क्लॅम्प ज्यावर बसतो त्या बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर. मधल्या फटीत पांढरी-हिरवी खार बसली होती. सेल्फ मारताना व्होल्टेज त्या खारीत मरत होतं, त्यामुळे क्लॅम्पवर पाच दिसले. खुंटावर तेव्हा बारा मिळाले असते. गाडी चालू असताना उलटं होतं. अल्टरनेटरचे (गॅरेजवाले त्यालाच डायनामो म्हणतात) चौदा क्लॅम्पपर्यंत येत होते, पण खार ओलांडून खुंटापर्यंत पोचत नव्हते. कोणतं टोक कुठे टेकवायचं हे ज्याला इतकं अचूक माहीत, त्याला दुखणं कुठे आहे हे कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

मामंजी शेजाऱ्यांच्या रिक्षाने कुडाळला गेले, गाडी त्याच्या गॅरेजात. दुसऱ्या दिवशी ‘नवीन’ बॅटरी आणि ‘बदललेला’ डायनामो घेऊन परत आली, एका चावीत सुरू. बॅटरी बसवताना क्लॅम्प घासावे लागतात, खरा इलाज तेवढाच होता. पैसे रोख, “पावती मागसून देतंय”. आमची जुनी बॅटरी त्याने ठेवून घेतली. ती दीड वर्षाचीच होती, वॉरंटीत होती. माझा सगळ्यात मोठा राग त्या बॅटरीवर आहे, कारण ती आता कुणाच्या तरी गाडीत ‘नवीन’ म्हणून बसली असणार.

महिन्याभरात सेल्फ जड फिरायला लागला. कुडाळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावला, थेट खुंटांवर, तर ११.९. चांगली भरलेली बॅटरी अशा वेळी १२.६ च्या आसपास दाखवते. सेल्फ फिरताना ती साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये, आमची आठावर आली. त्याने नखाने स्टिकर उचलला तर खाली दुसरा स्टिकर. वितरकाकडे अनुक्रमांक सांगितला, तर त्यावर वॉरंटी आधीच कुणाच्या तरी नावे नोंदलेली. आणि डायनामो? अंगावर चंदेरी रंग मारलेला, पण बोल्टांचा गंज जसाच्या तसा. पाना लागला असता तर निदान कडा तरी चमकल्या असत्या.

तुमच्यावर ही वेळ आली तर एक टोक खुंटाच्या शिशावर आणि दुसरं त्याच खुंटाच्या क्लॅम्पवर ठेवायला सांगा आणि सेल्फ मारा. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट आला तरी जोड खराब. दोन्ही खुंटांवर हे करा. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत, ते अल्टरनेटरच्या जाड तारेवरही मोजायला लावा आणि खुंटांवरही. तिथे चौदा आणि इथे बारा म्हणजे डायनामो शाबूत, दोष मधल्या वाटेत. (काही नव्या गाड्या मुद्दाम कमी चार्ज करतात, तिथे नुसत्या एका आकड्यावर जाऊ नका.) चालू गाडीत बॅटरीची तार काढून “डायनामो बघूया” असं कुणी म्हणाला, तर त्याचा हात धरा. व्होल्टेज उसळून ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जळू शकतो आणि मग खर्च खराच होतो.

खार काढायला गरम पाण्यात खायचा सोडा आणि तारेचा ब्रश पुरतो. गाडी बंद करून आधी निगेटिव्ह काढायचा, लावताना तो शेवटी. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ द्यायचं नाही. कोरडं करून व्हॅसलीन फासलं की आमच्याकडच्या हवेतही जोड बरेच महिने टिकतो.

मी त्या पहिल्या गॅरेजवाल्याकडे जाऊन जाब विचारला. “पावती हा काय तुमच्याकडे?” एवढंच म्हणाला. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण तिथेही हातात कागद असला तर बोलणं सोपं होतं. बॅटरी घेताना बिलावर अनुक्रमांक, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का, आणि जुनी देत असाल तर तिची एक्स्चेंजची रक्कम वेगळी लिहून घ्या. भाग बदलला असेल तर काढलेला भाग डिकीत ठेवायला सांगा. तो “भंगार हा, काय करतलात?” म्हणेल. म्हणू दे.