कोळशाच्या खाणींतली तळी आणि ग्रॅव्हल सायकल: लाउझित्स की लाइपझिग?

पूर्व जर्मनीत लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खुल्या खाणी बंद पडल्या, तेव्हा उरलेले खड्डे बुजवायला पुरेशी माती नव्हती. म्हणून त्यांत पाणी सोडलं. आज तिथे तळ्यांचे दोन मोठे पट्टे आहेत: बर्लिन आणि ड्रेस्डेनच्या मधला लाउझित्स, आणि लाइपझिग शहराला खेटून असलेला 'नॉयझेनलांड', म्हणजे नव्या तळ्यांचा मुलुख. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात: निळं पाणी, सपाट काठ, लांबवर वीजकेंद्राची वाफ. बर्लिन, ड्रेस्डेन किंवा लाइपझिगला शिकायला आणि नोकरीला असलेल्या मराठी सायकलवाल्यांना दोन्हीकडे पोचणं सोपं आहे. ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीच्या आणि कच्च्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल, घेऊन जायचं तर निवड कशावरून करायची, एवढाच प्रश्न.

आधी निकाल सांगतो. हाताशी एकच दिवस असेल आणि संध्याकाळी घरी परतायचं असेल, तर लाइपझिग. दोन दिवस असतील आणि खाणकामाने प्रदेशाचं काय केलं हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर लाउझित्स. मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात पाऊस किती पडला, यावरून हा निकाल फिरू शकतो. कारण इथे सगळं मातीवर ठरतं.

पायाखालची जमीन

चंद्रपूर-वणीकडच्या वाचकाला ओव्हरबर्डनचे डोंगर नवे नाहीत. कोळशावरची माती काढायची आणि मागे ओतायची, हे जर्मनीतही तसंच झालं. फरक त्या मातीत आहे. लाउझित्समध्ये कोळशावर बहुतेक वाळू होती. ती प्रचंड कन्व्हेअर-पुलांवरून उंचावरून ओतली गेली आणि तशीच भुसभुशीत राहिली. लाइपझिगच्या बाजूला मातीत चिकणमाती आणि गाळाचा अंश जास्त आहे.

सायकलला याचा अर्थ असा. उन्हाळ्यात तीन आठवडे पाऊस नसेल, तर लाउझित्समधल्या पाइनच्या जंगलातल्या वाटा साखरेसारख्या सुटतात आणि पुढचं चाक रुततं. हलका पाऊस पडून गेला की तीच वाळू दाबून बसते आणि सायकल सुरेख पळते. लाइपझिगकडे नेमकं उलट. कोरड्या दिवसांत वाट टणक असते. सलग पाऊस झाला की चिकण टायरला धरते, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि टायरमधल्या फटीत साचते आणि चाक जाम करते. म्हणून पावसाळी आठवड्यानंतर लाउझित्स आणि कोरड्या आठवड्यानंतर लाइपझिग, हा साधा नियम धरावा.

दुसरा परिणाम जिवाशी संबंधित आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. खाण चालू असताना भूजल उपसून खाली नेलेलं असतं. पंप बंद झाले की ते वर येतं आणि सैल वाळू आतून पाण्याने भरते. मग एखाद्या धक्क्याने कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि वरून घट्ट दिसणारी जमीन द्रवासारखी वाहू लागते. 12 ऑक्टोबर 2010 रोजी होयर्सवेर्डाजवळच्या बेर्गेन गावापाशी असंच झालं. सुमारे 45 लाख घनमीटर जमीन सरकली. तिच्यासोबत ट्रक आणि चरणाऱ्या मेंढ्याही गेल्या. त्यानंतर लाउझित्समधले जुन्या भरावाचे मोठे पट्टे बंद केले गेले. जमीन व्हायब्रेटरने किंवा खोलवर स्फोट घडवून दाबून घेण्याचं काम चालू राहिलं.

त्यामुळे तिथे 'लेबेन्सगेफार' (जिवाला धोका) किंवा 'बेट्रेटन फेरबोटन' (प्रवेश बंद) अशी पाटी दिसली, तर पुढे टायरच्या ताज्या खुणा असल्या तरी वळावं. नकाशाच्या अ‍ॅपवर दिसणारी बारीक वाट खाणकामगारांची जुनी सर्व्हिस वाट असू शकते. अ‍ॅपने आपोआप आखलेला ग्रॅव्हल मार्ग लाउझित्समध्ये जसाच्या तसा घेऊ नये. घरी बसून तो उपग्रहचित्रावर ताडून बघावा. फाटक किंवा मातीचा आडवा बांध दिसला, तर तो तुकडा काढून टाकावा.

लाइपझिगकडे असे पट्टे कमी आहेत, पण अजिबात नाहीत असं नाही. मार्च 2021 मध्ये मार्कक्लेबेर्ग आणि श्ट्योर्मटाल या तळ्यांना जोडणाऱ्या कालव्याजवळच्या जमिनीत बिघाड आढळला, तेव्हा कालवा आणि त्यालगतची वाट तडकाफडकी बंद झाली. या दोन तळ्यांचा आठाच्या आकाराचा फेरा आखत असाल, तर मधला ओलांडा खुला आहे का हे आधी तपासा. नसेल तर वळसा बराच लांब पडतो.

खडी किती, डांबर किती

इथे बऱ्याच जणांची निराशा होते, म्हणून स्पष्ट सांगतो: दोन्हीकडचे पाट्या लावलेले तळ्याभोवतीचे रस्ते मोठ्या प्रमाणात गुळगुळीत डांबरी आहेत. लाउझित्स तर इनलाइन स्केटिंगवाल्यांचं आवडतं ठिकाण आहे, यावरूनच रस्ता कसा असेल ते कळावं. झेन्फ्टनबेर्ग तलावाचा सुमारे 18 किलोमीटरचा फेरा साध्या सिटी सायकलवरही होतो.

ग्रॅव्हल मिळते ती तळ्यांच्या मधल्या भागात. लाउझित्समध्ये ती भरपूर आहे: जंगलखात्याच्या खडीच्या वाटा, वाळूच्या सरळसोट रेषा आणि 'प्लाटनवेग', म्हणजे काँक्रीटच्या फरशांच्या वाटा. या फरशांच्या कडा कालांतराने वरखाली झालेल्या असतात आणि ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पाडतात. डांबर टाळून चाललात तर दिवसाला 60-70 टक्के कच्चा रस्ता जमतो. लाइपझिगला तो निम्म्याच्या आसपास राहतो, कारण शहर, महामार्ग आणि वस्त्या मध्ये येतात. तिथली उत्तम खडी त्स्वेंकाउ तलावाच्या आसपास आणि दक्षिणेला ट्रागेसच्या भरावटेकडीकडे सापडते. या टेकडीवर मनोरा आहे, आणि अख्ख्या सपाट मुलुखात पायांना लागेल असा चढ तेवढाच.

टायर, हवा, सुटे भाग

लाइपझिगसाठी 35 ते 38 मिलिमीटर रुंदीचे टायर पुरतात. लाउझित्ससाठी 40 ही किमान मर्यादा समजा; फोर्कमध्ये जागा असेल तर 45 घाला. 75 किलोच्या माणसाला 40 च्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 2.1 आणि मागे 2.3 बार ठीक पडतात. वाळूचा लांब पट्टा आला तर दोन्हीकडे 0.3 उतरवा. ट्यूब असेल तर 2.6 च्या खाली जाऊ नका, फरशांच्या कडा सोडणार नाहीत. सीलंट (ट्यूबलेस टायरमधली भोकं आतून बुजवणारा द्रव) प्रत्येक टायरमध्ये 50 मिलीलिटर असावं. तीन महिन्यांपूर्वी भरलेलं असेल तर बहुधा सुकलंय. व्हॉल्व्हचा कोअर काढून बघा.

चेनला ओलं तेल लावून लाउझित्सला जाऊ नये. बारीक क्वार्ट्‌झ त्यात मिसळून घासकागद तयार होतो आणि एका दिवसात चेन करकरायला लागते. मेण किंवा कोरडं ल्युब आदल्या रात्री लावा आणि सकाळी पुसून घ्या. ब्रेकपॅड अर्धे झिजलेले असतील तर आधीच बदला. गिअरची काळजी नको, चढ नाहीत.

वाळूत शिरण्याच्या आधीच एक-दोन गिअर हलका करा, वजन मागे घ्या, हँडल सैल धरा आणि पेडल थांबवू नका. तोल गेल्यावर पुढचा ब्रेक दाबणं ही तिथे पडण्याची नेहमीची तऱ्हा आहे.

बघण्यासारखं काय

इथे लाउझित्स सरळसरळ पुढे आहे. झेन्फ्टनबेर्गहून निघून कोशेन कालव्याच्या काठाने गायर्सवाल्ड तलावाकडे जा. 2013 साली खुला झालेला हा कालवा महामार्गाखालून आणि श्वार्त्से एल्स्टर नदीच्याही खालून जातो. पुढे झेडलिट्स तलावाच्या कोपऱ्यावर 'रोस्टिगर नागल' उभा आहे: 'गंजका खिळा' नावाचा, गंजू दिलेल्या पोलादाचा 30 मीटरचा मनोरा. 162 पायऱ्या चढून गेलं की मानवनिर्मित तळी एकापुढे एक पसरलेली दिसतात. तिथून पार्टविट्स तलावाला वळसा घालून परत, असा पहिला दिवस 60 किलोमीटरच्या आसपास होतो.

दुसऱ्या दिवशी होयर्सवेर्डाहून निघा. क्नापेनरोडचा जुना ब्रिकेट (कोळशाच्या दाबलेल्या विटा) कारखाना आता संग्रहालय आहे, तो बघून बेअरवाल्ड तलावापर्यंत जा आणि त्याला फेरा घाला. पलीकडे बॉक्सबेर्गचं वीजकेंद्र दिसतं. आजची वीज आणि कालची खाण एकाच चौकटीत, हे लाइपझिगलाही आहे, पण इथे त्याचा आवाका मोठा आहे. परतीसह 70-80 किलोमीटर धरा. लिश्टरफेल्डचा 502 मीटर लांबीचा एफ-60 कन्व्हेअर-पूल मात्र पश्चिमेला बाजूला पडतो. तो याच दोन दिवसांत कोंबू नका, तिसरा दिवस ठेवा. गावांच्या पाट्या जर्मन आणि सोर्बियन अशा दोन भाषांत दिसतील. या अल्पसंख्य स्लाव्ह समाजाची कितीतरी गावं कोळशाने गिळली आहेत.

लाइपझिगची गोष्ट लहान, पण मनाला भिडणारी आहे. 1990 साली लोकांच्या आंदोलनाने कॉस्पुडेनची खाण थांबली आणि 2000 पासून तिथे लोक पोहतात. श्ट्योर्मटाल तलावावर 'विनेटा' ही चर्चसारखी तरंगती वास्तू आहे. खाणीसाठी पाडलेल्या माग्डेबोर्न गावाची ती आठवण. तिथून सुमारे 3,200 माणसं हलवली गेली. शेजारच्या बेर्गबाउ-टेक्निक-पार्कमध्ये खाणीची अवाढव्य यंत्रं उभी आहेत. शहरातून निघून नदीकाठच्या जंगलातून कॉस्पुडेन, मग त्स्वेंकाउचा सुमारे 22 किलोमीटरचा फेरा, पुढे मार्कक्लेबेर्ग आणि परत, असं 65-70 किलोमीटरचं चांगलं वर्तुळ होतं.

पाणी, खाणं, गाडी

दोन्हीकडे रविवारी दुकानं बंद. लाइपझिगला तळ्यांकाठच्या बोटींच्या धक्क्यांवर कॅफे असल्याने अडत नाही. लाउझित्समध्ये दोन गावांमधल्या 20-25 किलोमीटरमध्ये काहीही नसतं, सावलीही नसते आणि मोकळ्या पाण्यावरून पश्चिमेचा वारा येतो. दोन लिटर पाणी सोबत घ्या आणि शक्य तर सकाळी पश्चिमेकडे जा. तळ्याचं पाणी फिल्टर करून पिण्याचा विचार करू नका. खाणीतल्या पायराइटमुळे (गंधक असलेल्या लोहखनिजामुळे) काही तळी आम्लधर्मी झाली, त्यांत बोटीने चुना टाकावा लागतो. पाण्यात विरघळलेलं सल्फेट साध्या फिल्टरने निघत नाही.

बर्लिनहून झेन्फ्टनबेर्गला प्रादेशिक गाडी आहे. डॉइचलांड-टिकीट (देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास) असलं तरी सायकलचं तिकीट तिथे वेगळं काढावं लागतं, आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी सायकलचा डबा भरलेला असतो. पहिली गाडी पकडा. लाइपझिग मुख्य स्थानकावरून मार्कक्लेबेर्गला एस-बानने (उपनगरी गाडीने) पाव तास लागतो. सायकल बिघडली तर घरी परतणं सोपं, म्हणून नवख्याला पहिली खेप लाइपझिगचीच करायला सांगू.

मे-जून आणि सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये लाउझित्सला जाण्याआधी जंगलवणव्याच्या इशाऱ्याची पायरी बघा. ती पाच असेल तर पाइनच्या वाटा बंद असू शकतात आणि हातात फक्त डांबर उरतं. आणि कुठेही गेलात तरी संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला आणि मोज्यांच्या कडेला गोचीड शोधा. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा.