बियांना सूक्ष्मजीवांपासून वाचवणारी जनुकं: डिफेन्सिन, कायटिनेज, थायोनिन की आवरणाचा रंग?

पानावर बुरशी चढली तर पान लगेच नवी प्रथिनं तयार करून तिला तोंड देऊ शकतं. कोरड्या बियाला ते जमत नाही, कारण पाण्याशिवाय प्रथिनं बनवण्याचं काम जवळजवळ थांबलेलं असतं. म्हणून बियाची संरक्षणाची शिदोरी दाणा भरतानाच बांधून ठेवावी लागते. पुढे बी पाणी शोषून फुगतं, आवरण फाटतं, आतली साखर आणि अमिनो आम्लं मातीत झिरपतात आणि त्यांच्या मागावर बुरशी येते. सगळ्यात नाजूक वेळ हीच.

हे सांगायचं कारण असं, की या विषयावर काम सुरू करणारे बहुतेक जण 'सगळ्यात जालीम जनुक कोणतं' असं विचारतात. माझ्या मते आधी दोन गोष्टी ठरवाव्यात: शत्रू कोण आहे, आणि तो बियाला नेमका कधी गाठतो.

डिफेन्सिनपासून सुरुवात करू, कारण बियांच्या बाबतीत सर्वात नीट उलगडलेली गोष्ट हीच आहे. ही जेमतेम 45 ते 54 अमिनो आम्लांची प्रथिनं. चार डायसल्फाइड (गंधकाच्या अणूंमधल्या) बंधांमुळे इतकी घट्ट बांधलेली, की उष्णतेलाही सहज दाद देत नाहीत. 1990 मध्ये ती गहू आणि बार्लीच्या दाण्यांत सापडली, आणि 1992 मध्ये मुळ्याच्या बियांतून दोन डिफेन्सिनं वेगळी काढली गेली. 1995 मध्ये दिसलेली गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. मुळ्याच्या बियाचं आवरण फाटताच जी प्रथिनं बाहेर झिरपतात, त्यांत सुमारे 30 टक्के वाटा या डिफेन्सिनांचा असतो. म्हणजे कोवळं मूळ मातीत उतरण्याआधीच बी आपल्याभोवती बुरशीरोधक कडं तयार करतं. त्याच संशोधनात मुळ्याचं हे जनुक तंबाखूत घातल्यावर पानांवरच्या अल्टरनेरिया बुरशीला प्रतिकार वाढलेला दिसला.

डिफेन्सिनाची मर्यादा त्याच्या नेमकेपणातच आहे. मुळ्याचं डिफेन्सिन बुरशीच्या पेशीपटलातल्या ग्लुकोसिलसेरामाइड या मेदाला चिकटतं. ज्या यीस्टमध्ये हा मेद बनतच नाही, तिच्यावर ते चालत नाही. शिवाय कॅल्शियम, पोटॅशियमसारखे क्षार वाढले की त्याची धार कमी होते.

कायटिनेजची कल्पना समजायला सोपी: बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, हे विकर ते तोडतं. पण जुन्या तंतूंत कायटिन इतर थरांखाली झाकलेलं असतं, त्यामुळे फटका बसतो तो मुख्यतः वाढत्या टोकांना. एकटं कायटिनेज घेऊन बसू नका. बार्लीच्या दाण्यात त्याच्या जोडीला भित्तिकेतलं ग्लुकन तोडणारं ग्लुकनेज आणि बुरशीचे रायबोसोम (प्रथिनं बनवणारे पेशीतले कण) निकामी करणारं प्रथिनही असतं, आणि हे त्रिकूट एकत्र जास्त परिणामकारक ठरतं हे 1991 मध्ये दाखवलं गेलं. 1995 मध्ये बार्लीचीच ही जनुकं तंबाखूत घातली, तेव्हा रायझोक्टोनिया या मातीतल्या बुरशीविरुद्ध एकेका जनुकापेक्षा जोड्या सरस ठरल्या. आणि एक चूक कृपया टाळा. रोपं कोलमडवणारं पिथियम बुरशीसारखं दिसतं, पण ती खरी बुरशी नव्हे. त्याच्या भित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतं, कायटिन नगण्य. तिथे कायटिनेजकडून अपेक्षा ठेवणं म्हणजे वर्षभराची मेहनत पाण्यात.

जीवाणू हा मुख्य शत्रू असेल तर थायोनिन, हेही एक छोटं प्रथिन. गव्हाच्या पिठातून ते 1942 मध्येच मिळालं होतं, आणि रोगकारक जीवाणूंवरचा त्याचा परिणाम 1972 मध्ये नोंदवला गेला. ओटचं थायोनिन जास्त प्रमाणात बनवणाऱ्या भाताच्या रोपांनी बियांतून पसरणाऱ्या जीवाणूजन्य रोगांना चांगली टक्कर दिल्याचे प्रयोगही आहेत. पण थायोनिन पेशीपटलं सरसकट फोडतं, प्राण्यांच्या पेशींचीसुद्धा. खाण्याच्या दाण्यात त्याचं प्रमाण वाढवायला मी तरी धजावणार नाही.

राहिला रंग. जनुक परक्या पिकातून आणायचं नसेल, साध्या संकरातूनच काम करायचं असेल, तर माझा कौल इकडे. मेंडेलने वाटाण्याच्या फुलांच्या रंगासाठी अभ्यासलेलं जनुक 2010 मध्ये ओळखलं गेलं. ते रंगद्रव्यांच्या जनुकांना चालू करणारं नियंत्रक जनुक आहे. ते निकामी असलं की फूल पांढरं होतं आणि बियाचं आवरणही रंगहीन. असं आवरण पाणी फार वेगानं आत घेतं, आतल्या पेशी फाटतात, जास्त साखर झिरपते आणि पिथियमचं फावतं. रंगीत आवरणातले टॅनिन आणि इतर फिनॉल जंतूंच्या विकरांना बांधूनही ठेवतात. किंमत मात्र मोजावी लागते: टॅनिन प्रथिनांना चिकटतं, म्हणून दाणा तुरट लागतो आणि पचायला जड जातो. ज्वारीत टॅनिनचं एक जनुक 2012 मध्ये हाती लागलं, त्यामुळे निदान निवड तरी अचूक करता येते. निवड करताना लक्षात ठेवा, की आवरण हे आईच्या ऊतीचं असतं. संकराचा परिणाम त्या बियावर दिसत नाही, पुढच्या पिढीच्या बियांवर दिसतो.

दाणा शेतातच किंवा साठवणीत बिघडत असेल, उदाहरणार्थ अॅस्परजिलस बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होत असेल, तर रुजतानाचं कडं फार उपयोगी नाही. भुईमुगावर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दोन वाटा वापरल्या गेल्या: मेडिकॅगो या शेंगवर्गीय वनस्पतीच्या डिफेन्सिनांनी बुरशीची लागण रोखणं, आणि वनस्पतीनेच तयार केलेल्या आरएनएने बुरशीची विष बनवणारी जनुकं दाबणं. विषाचाच प्रश्न असेल तर दुसरी वाट मला जास्त मोलाची वाटते, कारण बुरशी थोडीफार शिरली तरी दाणा वाचण्याची आशा उरते.

मातीतल्या खऱ्या बुरशीसाठी मी डिफेन्सिन घेईन, तेही दाणा भरतानाच जागं होणाऱ्या प्रमोटरखाली (जनुक कधी चालू व्हायचं ते ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली). आणि पहिली चाचणी शुद्ध पाण्यासारख्या सौम्य माध्यमात करून थांबणार नाही; मातीत असतात तितके क्षार घालून तीच चाचणी पुन्हा करेन.