हिम आणि गार: दोन वेगळ्या जन्मकथा

नाशिक किंवा मराठवाड्यात गारपीट झाली की शिवार पांढरे दिसते आणि ‘काश्मीर अवतरले’ असे मथळे छापले जातात. प्रत्यक्षात गुलमर्गचे हिम आणि आपल्याकडची गार, दोन्ही बर्फच असले, तरी त्यांची घडण अगदी वेगळी आहे.

हिमकण थेट बाष्पापासून वाढतो. ढगातील सूक्ष्म धूलिकणावर बर्फाचा स्फटिक तयार झाला, की भोवतालचे बाष्प द्रवरूप न होताच त्यावर साचते. बर्फात पाण्याच्या रेणूंची मांडणी षट्कोनी असल्याने स्फटिकही सहा बाजूंचा होतो, आणि उणे 15 अंश सेल्सिअसच्या आसपास, पुरेसे बाष्प असल्यास, त्याला नक्षीदार सहा फांद्या फुटतात. लोकरीच्या बाहीवर पडलेला कण भिंगाखाली पाहावा. इतकी रेखीव वस्तू निसर्गात क्वचितच दिसते. जमिनीपर्यंतची हवा थंड असेल तरच तो तसाच खाली पोहोचतो.

गारेला मात्र उंच गडगडाटी ढग लागतो. वर उसळणारा प्रवाह तिला तोलून धरतो आणि गोठणबिंदूखालीही द्रवच राहिलेले थेंब तिच्यावर आदळून गोठतात. झटकन गोठल्यास हवा अडकून थर दुधी होतो, सावकाश गोठल्यास पारदर्शक. म्हणून कापलेल्या गारेत कांद्यासारखी वलये दिसतात. हिम तरंगत उतरते, गार आदळते, आणि 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू, द्राक्षे, डाळिंबे याच माऱ्याने उद्ध्वस्त झाली.